बोट ठेवून दाखवा: प्रथम वर्षाच्या लेखन-पेपरची उद्दिष्टं कशी ठरवावीत

"सर, सीओ तेवढे उद्यापर्यंत मेल करा." सत्र सुरू होताना हा निरोप येतो (सीओ म्हणजे 'कोर्स आउटकम्स', पेपरातून विद्यार्थ्याला काय साधेल त्याची यादी) आणि आपण मुकाट्याने गेल्या वर्षीची फाईल उघडतो. 'विद्यार्थ्यांमध्ये भाषिक कौशल्यांची जाणीव निर्माण होईल. लेखनाचे महत्त्व समजेल. वाङ्मयीन अभिरुची विकसित होईल.' वर्ष बदलायचं, फाईल पाठवायची. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. मग एका परीक्षेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असताना मनात आलं, की या पन्नास मुलांपैकी कुणाची अभिरुची विकसित झाली हे मी कोणत्या ओळीवर बोट ठेवून दाखवणार? एकाही नाही. त्या दिवसापासून उद्दिष्ट लिहिताना मी एकच परीक्षा लावतो. विद्यार्थ्याच्या कागदावर बोट ठेवून 'हे बघा, इथे' असं म्हणता येत असेल तर ते उद्दिष्ट, नाहीतर ती सदिच्छा.

हा लेख प्रथम वर्षाला मराठी लेखनाचा पेपर शिकवणाऱ्यांसाठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या रचनेत तो कुठे एईसी (क्षमता वाढवणारा पेपर) म्हणून येतो, कुठे कौशल्याचा पेपर म्हणून. सहसा २ क्रेडिट, म्हणजे १५ गुणिले २, अवघे ३० तास. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असला तरी त्यातलं नेमकं काय साधायचं हे वर्गात आपणच ठरवतो. स्वायत्त कॉलेजात असाल तर कागदावरही तुम्हीच ठरवता.

पायरी पहिली: अभ्यासक्रम मिटून ठेवा, वह्या उघडा

पहिल्या तासाला ओळख-परेड करू नका. कोरा कागद द्या, वीस मिनिटं द्या आणि विषय द्या: 'घरापासून कॉलेजपर्यंत'. गुण नाहीत असं आधीच सांगा. नाव मात्र लिहायला लावा, कारण हा कागद सत्राच्या शेवटी पुन्हा लागणार आहे.

घरी नेऊन वाचताना हातात लाल पेन घेऊ नका. ऐंशी कागद सलग वाचले की दोन-तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. माझ्या एका वर्गातल्या मुलीच्या कागदाची सुरुवात अशी होती:

'रस्ते ही देशाच्या विकासाची जीवनवाहिनी आहे. आजच्या धकाधकीच्या जीवनात प्रत्येकाला प्रवास हा करावाच लागतो. मीसुद्धा रोज प्रवास करते. प्रवासात अनेक अडचणी येतात.'

एकही शुद्धलेखनाची चूक नाही. दहावी-बारावीत हिला निबंधाला चांगले गुण पडले असणार. पण हा परिच्छेद महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातल्या कुठल्याही मुलीचा असू शकतो. मी फक्त समासात लिहिलं, 'कुठून निघतेस? किती वाजता? कुठली अडचण?' दुसऱ्या खेपेला तिने लिहून आणलं:

'माझी एसटी सहा वीसला सुटते. ती चुकली तर पुढची नऊला, म्हणजे पहिली दोन लेक्चरं गेली. म्हणून आई मला पाच वाजता उठवते आणि ती साडेचारला उठते.'

'आणि ती साडेचारला उठते' हे वाक्य कुठल्या गाईडात मिळत नाही. इथे माझ्या पेपरचं एक उद्दिष्ट मला आयतं मिळालं. मुलांना लिहिता येतं, फक्त स्वतःजवळचा तपशील लिहिण्यालायक आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

वाचून झालं की कागदांचे ढीग करा. ज्यांचं वाक्यच पुरं होत नाही, त्यांचा एक ढीग. वाक्य नीट पण सगळं ठोकळेबाज, त्यांचा दुसरा, आणि हा ढीग नेहमी सगळ्यांत उंच असतो. तपशील भरपूर पण कशानंतर काय याचा पत्ता नाही, ते तिसऱ्यात. चौथा ढीग छोटा असतो, ज्यांना खरंच लिहिता येतं. कोणता ढीग किती उंच आहे त्यावरून तुमच्या उद्दिष्टांचा क्रम ठरेल. शेजारच्या कॉलेजातून सीओ उतरवून का घेऊ नयेत त्याचं उत्तरही याच ढिगांत आहे.

पायरी दुसरी: उद्दिष्ट आणि निष्पत्ती यांची गल्लत सोडवा

शिक्षक काय करणार ते उद्दिष्ट आणि विद्यार्थ्याला काय करता येणार ती निष्पत्ती, असा फरक फॉर्मवर असतो. फॉर्म भरताना तो पाळा. मनात मात्र दुसरी बाजूच धरा. या लेखात मी दोन्ही शब्द सैलपणे वापरतोय, कारण स्टाफरूममध्येही आपण तसंच बोलतो.

खरी मेख क्रियापदात असते. समजेल, जाणवेल, परिचय होईल, आवड निर्माण होईल ही क्रियापदं कागदावर दिसत नाहीत. ब्लूम यांची १९५६ सालची वर्गवारी आणि तिची २००१ सालची सुधारित आवृत्ती बहुतेकांना कार्यशाळांमुळे पाठ आहे: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. त्यामुळे झालंय असं, की 'समजेल' खोडून 'विश्लेषण करू शकेल' लिहिलं की आपलं काम झालं असं वाटतं. कशाचं विश्लेषण? किती लांबीचं? कुणासाठी? हे नसेल तर नव्या क्रियापदाचाही उपयोग शून्य.

एक उदाहरण घेऊ. मूळ वाक्य: 'विद्यार्थ्यांना सारांशलेखनाचे तंत्र अवगत होईल.' दुरुस्ती: 'विद्यार्थी ५०० ते ६०० शब्दांच्या वैचारिक लेखाचा १२० शब्दांत सारांश लिहील. लेखकाचं मुख्य म्हणणं पहिल्या दोन वाक्यांत येईल आणि विद्यार्थ्याचं स्वतःचं मत त्यात मिसळलेलं नसेल.' वाक्य लांबलं, दिसायला ओबडधोबड झालं. पण आता ऐंशी कागद तपासताना मला आणि माझ्या सहकाऱ्याला साधारण सारखेच गुण द्यावे लागतील.

पायरी तिसरी: चार खण बघून घ्या

लेखनाचा स्वतंत्र पेपर प्रथम वर्षाला सक्तीचा करण्याची परंपरा अमेरिकेतली. हार्वर्डमध्ये १८८५ पासून 'इंग्लिश ए' हा पेपर पहिल्या वर्षाला लागला आणि नंतर तिथल्या बहुतेक कॉलेजांत तशी प्रथा पडली. तिथल्या लेखन-शिक्षकांच्या कौन्सिल ऑफ रायटिंग प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर्स या संघटनेने २००० साली अशा पेपरसाठी निष्पत्तींचं एक निवेदन मान्य केलं, पुढे २००८ आणि २०१४ मध्ये ते सुधारलं. २०१४ च्या रूपात त्याचे चार भाग आहेत: वाचक आणि प्रसंग ओळखून लिहिणं, चिकित्सकपणे वाचणं व विचार करणं, लेखनाची प्रक्रिया, आणि संकेतांचं ज्ञान.

यातल्या दोन गोष्टी मला फार पटल्या. काय यायला हवं एवढंच ते निवेदन सांगतं, किती चांगलं यायला हवं हे प्रत्येक संस्थेवर सोडतं. आणि व्याकरण, विरामचिन्हं, वर्णलेखन हे सगळं चारपैकी एका खणात आहे. आपल्याकडे बऱ्याचदा तोच खण म्हणजे सगळं कपाट होऊन बसतो.

ही यादी जशीच्या तशी उचलू नका. तिकडच्या वर्गात वीस-पंचवीस मुलं असली तरी फार वाटतात. आपली गोष्ट वेगळी, आणि तिचा हिशोब पुढच्या पायरीत.

पायरी चौथी: बोटांवर हिशोब करा

ही पायरी सगळे टाळतात आणि मग ऑक्टोबरमध्ये कपाळाला हात लावतात.

समजा वर्गात ८० मुलं आहेत. तुम्ही चार लेखनकामं ठरवलीत, प्रत्येकाचे दोन खर्डे. झाले ६४० कागद. एका कागदाला सहा मिनिटं धरली तर ३,८४० मिनिटं, म्हणजे ६४ तास. शिकवायचे तास ३० आणि तपासायचे ६४, तेही एका पेपरचे. हे होत नाही. मग 'छान', 'अक्षर सुधारा' असे शेरे मारून गठ्ठा परत जातो आणि मुलांना नेमका संदेश मिळतो, की इथे कुणी वाचत नाही.

तडजोड अशी करता येते. पहिला खर्डा शिक्षकाने वाचायचाच नाही. तो वर्गात, शेजारच्याने, एकच प्रश्न हातात घेऊन वाचायचा. शिक्षकाने दुसरा खर्डा वाचायचा, तोही त्या कामाला जोडलेल्या एकाच निष्पत्तीसाठी. ३२० कागद, प्रत्येकी पाच मिनिटं, साधारण २७ तास. हेही कमी नाहीत, पण निभतात. शब्दमर्यादा कडक ठेवा. प्रथम वर्षाला पाचशे शब्दांचं काहीही मागू नका, त्यातले तीनशे पाणी घालून वाढवलेले असतात.

या हिशोबातून कळतं की ३० तासांत निष्पत्ती पाचच्या वर जाता कामा नयेत. फॉर्मवर आठ रकाने असले म्हणून आठ भरायची सक्ती नसते.

पायरी पाचवी: पाच वाक्यं लिहा

माझ्या वर्गासाठी गेल्या वर्षी ठरलेली पाच अशी होती. ती तुमच्या ढिगांना लागू पडतीलच असं नाही.

१. एकाच घटनेची माहिती मित्राला मेसेज, कार्यालयाला अर्ज आणि वर्तमानपत्राला बातमी अशा तीन रूपांत लिहील. प्रत्येक रूपात तपशिलांची निवड, क्रम आणि शब्द बदललेले दिसतील.

२. सारांश. वर दिलेलाच.

३. स्वतः पाहिलेल्या कार्यक्रमाचा किंवा कामाचा २०० शब्दांत अहवाल लिहील. त्यात वेळ, संख्या, कृती आणि परिणाम असतील आणि हजर नसलेल्या माणसाला काय झालं ते कळेल.

४. एका वादाच्या प्रश्नावर ३०० शब्दांत बाजू मांडेल. निदान दोन कारणं असतील, विरुद्ध बाजूचा एक खरा मुद्दा असेल आणि माहिती कुठून घेतली हे वाक्यातच सांगितलेलं असेल.

५. स्वतःच्या पहिल्या खर्ड्यात आशयाचे निदान तीन बदल करून दुसरा खर्डा लिहील आणि ते का केले हे तीन-चार ओळींत सांगेल.

पाचव्या निष्पत्तीबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा पेपर तिच्यावर उभा आहे. मुलांना 'पुन्हा लिहून आणा' म्हटलं की ती 'फेअर' करून आणतात. मजकूर तोच, अक्षर सुंदर, समास सोडलेला, शीर्षक रंगीत पेनने. शाळेत बारा वर्षं फेअर म्हणजे हेच शिकवलंय, त्यांचा दोष नाही. म्हणून 'पुनर्लेखन करेल' असं लिहून भागत नाही. 'आशयाचे तीन बदल' असं लिहावं लागतं आणि आशयाचा बदल म्हणजे काय ते फळ्यावर करून दाखवावं लागतं: एखादा परिच्छेद काढून टाकणं, शेवटचा मुद्दा आधी आणणं, 'अनेक अडचणी' खोडून सहा वीसची एसटी लिहिणं. शब्दाचं शुद्धलेखन सुधारणं हा आशयाचा बदल नव्हे, हेही एकदा बजावून सांगा.

पायरी सहावी: प्रत्येक वाक्याला एक काम जोडा

ज्या निष्पत्तीला काम नाही ती कागदावरच मरते. पाचव्या निष्पत्तीला वेगळं काम लागत नाही, ती चारही कामांतून फिरते. पहिल्या निष्पत्तीसाठी मी वापरतो ते काम सविस्तर सांगतो, बाकीची झटपट.

माहिती अधिकाराचा अर्ज. प्रथम वर्षाच्या लेखनासाठी याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांत बसणारा हवा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. म्हणजे शब्दमर्यादा शिक्षकाने लादलेली नाही, नियमातच आहे. मुलांना हे कळलं की ती जरा सरळ बसतात.

वर्गात आधी विषय देतो: कॉलेजसमोरचा रस्ता गेल्या वर्षी झाला आणि पावसात उखडला. पहिले अर्ज साधारण असे येतात:

'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी आपल्या महाविद्यालयाचा एक गरीब विद्यार्थी असून सदर रस्त्यामुळे मला अत्यंत त्रास सहन करावा लागत आहे. तरी सदर रस्ता निकृष्ट का झाला याची माहिती मिळावी ही नम्र विनंती.'

आता हा अर्ज फळ्यावर घ्या आणि मुलांना वाचकाच्या खुर्चीत बसवा. समोरचा कारकून काय करेल? माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावं लागत नाही, कायद्याच्या कलम ६(२) मध्येच ते आहे. म्हणजे त्रासाचं वर्णन गेलं. 'गरीब' गेला. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ असतं, पण त्यासाठी दाखला जोडावा लागतो, विशेषण नाही. 'आपल्या महाविद्यालयाचा' हे तर रस्ते विभागाला उद्देशून चाललंय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 'का झाला' हा प्रश्न. कार्यालय आपल्याकडच्या नोंदी देऊ शकतं, 'का' याचं उत्तर कुठल्या फायलीत नसतं. मग फायलीत काय असतं? इथे मुलं खरी विचार करायला लागतात. कार्यारंभ आदेश. कंत्राटदाराचं नाव. मंजूर रक्कम आणि दिलेली रक्कम. मोजमाप पुस्तिकेची प्रत. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत, किती.

दुसऱ्या खर्ड्यात मग असं येतं: 'अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या अमुक वर्षी झालेल्या डांबरीकरणाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: १) कार्यारंभ आदेश, २) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ३) अंतिम देयक.' साठ शब्दही होत नाहीत. त्याच घटनेवर मित्राला मेसेज लिहायला सांगा, मग बातमी लिहायला सांगा. मेसेजमध्ये खड्ड्यात पडलेला स्वतःचा मोबाईल आधी येतो, बातमीत रस्त्याची लांबी आधी येते, अर्जात दोन्ही येत नाहीत. वाचक बदलला की काय बदलतं हे सांगायला मला वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. अर्ज खरोखर पाठवायचा की नाही ते मुलांवर सोडतो, त्याला गुण नाहीत.

सारांशासाठी वर्तमानपत्रातला संपादकीय पानावरचा लेख पुरतो. मुलं दोन चुका करतात: प्रत्येक परिच्छेदातलं पहिलं वाक्य उचलतात, किंवा लेखकाशी भांडायला लागतात. 'लेखकाचं म्हणणं असं की' ही शब्दयोजना सक्तीची करा, दुसरी चूक बरीचशी थांबते.

अहवालासाठी राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर किंवा कॉलेजातला कुठलाही कार्यक्रम घ्या. 'सालाबादप्रमाणे याही वर्षी', 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन', 'कार्यक्रम खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला' या तिन्हींवर बंदी घाला. मग बघा, निम्मी मुलं दहा मिनिटं पेन टेकवत नाहीत. त्यांना आठवायला लागतं की तिथे नक्की काय झालं होतं.

युक्तिवादासाठी ७५ टक्के हजेरीची सक्ती असावी का हा विषय घेतो. प्रदूषण, मोबाईल शाप की वरदान, असले विषय घेऊ नका. त्यांची उत्तरं आधीच तयार असतात. हजेरीचा नियम त्यांना रोज टोचतो, त्यामुळे बाजू मांडायला जोर असतो. अडतात ती विरुद्ध मुद्द्यापाशी. बहुतेक जण 'काही लोक म्हणतात की हजेरी हवी, पण ते चूक आहे' एवढ्यावर भागवतात. इथे अट घाला: विरुद्ध मुद्दा असा लिहा की तो मानणाऱ्या माणसाने वाचून 'हो, मी हेच म्हणतो' म्हणावं.

तासांची वाटणी माझी अशी होती: पहिला कागद आणि त्यावरची चर्चा ४, अर्ज-मेसेज-बातमी ६, सारांश ६, अहवाल ५, युक्तिवाद ७, शेवटचे २ राखीव. सणासुदीत चार-पाच तास जातातच. ते अहवालातून कापा, युक्तिवादातून नाही.

पायरी सातवी: 'जमलं' म्हणजे काय ते आधी लिहून ठेवा

मूल्यमापनाचा तक्ता काम देण्याआधी तयार हवा, आणि तो मुलांच्या हातात हवा. पाच-पाच पातळ्यांचे सुबक तक्ते मी करून पाहिले. 'उत्तम' आणि 'अतिउत्तम' यांतला फरक मलाच सांगता येईना. आता तीनच पातळ्या ठेवतो: अजून नाही, होतंय, जमलं.

अर्जाच्या कामासाठी त्या अशा वाचल्या जातात. तिन्ही रूपांत तीच वाक्यं थोडी हलवून आली असतील तर अजून नाही. मायना आणि सूर बदलला, पण तपशील तेच राहिले, अर्जात त्रासाचं वर्णन उरलं, तर होतंय. प्रत्येक रूपातून काहीतरी गळलंय आणि ते का गळलं हे विद्यार्थी सांगू शकतो, तर जमलं. गुणांत हे कसं बसवायचं ते तुमच्या विद्यापीठाच्या अंतर्गत-बहिर्गत वाटणीवर अवलंबून राहील.

एक पथ्य पाळा. त्या कामाच्या निष्पत्तीत नसलेल्या गोष्टीचे गुण कापू नका. सारांश तपासताना वेलांटीसाठी गुण कापलेत तर मुलं सारांश सोडून वेलांटीकडे बघतील. त्यांना गुण कुठे आहेत ते बरोबर कळतं.

शुद्धलेखनाचं काय करायचं?

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्यातही अर्थ नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये वाढलेले ४ असे १८ नियम आहेत. सगळे ३० तासांत शिकवायला गेलात तर बाकी काही होणार नाही, आणि तेही होणार नाहीत. पहिल्या दिवशीच्या कागदांत सर्वांत जास्त कशाच्या चुका आहेत ते मोजा आणि चार-पाच निवडा.

माझ्या वर्गात दरवर्षी हेच वर येतं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, अपवाद 'आणि', 'नि', 'परंतु' यांसारखे. 'मूल' पण 'मुलाला', 'गरीब' पण 'गरिबाला', 'वकील' पण 'वकिलांना'. अनेकवचनातला अनुस्वार, जो गळला की 'मुलांना' चा 'मुलाना' होतो आणि एक मूल की दहा हेच कळत नाही. आणि मोबाईलवर टाईप करताना होणारी चूक, जी मुलांना चूक वाटतच नाही: 'दऱ्या' च्या जागी 'दर्या', 'आचाऱ्यांना' च्या जागी 'आचार्यांना'. स्वयंपाक्यांचं मानधन द्यायचं होतं आणि कागदावर गुरुजींचं निघालं, हे एकदा सांगितलं की विसरत नाहीत. तो वाकडा र कीबोर्डवर कुठे आहे ते मात्र दाखवा.

याची निष्पत्ती वेगळी लिहू नका, पाचव्या निष्पत्तीच्या शेपटाला बांधा: 'दुसऱ्या खर्ड्यात ठरलेल्या चार नियमांच्या चुका स्वतः शोधून दुरुस्त करेल.' स्वतः शोधून, हे महत्त्वाचं. शिक्षकाने लाल गोल केला की विद्यार्थी फक्त गोलातलं सुधारतो.

बोलीचं प्रकरण वेगळं. वऱ्हाडातून आलेला मुलगा 'मी जाऊन रायलो' लिहितो, कुणी 'पानी' लिहितं. याला आणि 'मुलाना' ला एकाच गोलात बसवू नका. अनुस्वार गळला ती चूक. 'जाऊन रायलो' हे त्याच्या घरात बरोबरच आहे, फक्त जन माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर ते चालत नाही. घरच्या रस्त्याच्या वर्णनात आजोबांच्या तोंडी ते असेल तर प्रमाण मराठीत बदलून घेणं हा उलट माझा अडाणीपणा ठरेल. निष्पत्ती क्रमांक एक मध्येच हे बसतं: कुठे कोणती भाषा, हे विद्यार्थी ठरवतो आणि का ते सांगतो.

यंत्राने लिहून दिलं तर?

मुलं चॅटजीपीटी वापरणार. बंदी घालून मी थकलो आहे, आणि पकडापकडीत शिक्षकाचा पोलीस होतो. माझा उपाय साधा आहे. पहिला खर्डा वर्गात, हाताने. तो कागद दुसऱ्या खर्ड्याला टाचलेला हवा, आणि बदल का केले त्या चार ओळीही. टाचलेल्या दोन कागदांत काही नातंच नसेल तर बोलावून शांतपणे विचारतो, 'हा मुद्दा कुठून आला?'

एका तासाला यंत्राकडून 'घरापासून कॉलेजपर्यंत' लिहून घेतो आणि मोठ्याने वाचतो. 'प्रवास हा जीवनाचा अविभाज्य भाग आहे', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावतो', असं काहीतरी निघतं. मग त्या मुलीचा पहिला खर्डा वाचतो, तिची परवानगी घेऊन. दोन्ही एकाच मुशीतले आहेत हे मुलांच्याच लक्षात येतं. एकाने मागून म्हटलं होतं, "सर, म्हणजे आपण बारावीपर्यंत यंत्रच होतो." त्यावर मी काही बोललो नाही.

फॉर्म भरण्याचं उरलेलं काम

पाच वाक्यं तयार झाली की सीओ-पीओ जुळणीचा तक्ता (पीओ म्हणजे सगळ्या पदवीच्या निष्पत्ती) अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक निष्पत्ती सगळ्या पीओंना ३ गुणांनी जोडू नका, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीतल्या माणसालाही ते खोटं दिसतं. सारांशाचा पर्यावरणभानाशी संबंध नसेल तर रकाना रिकामा ठेवा. प्रमाण मराठीत, ठरलेल्या साच्यात भाषांतर करून द्या. 'बोट ठेवून' वगैरे तिथे लिहू नका. आपणही वाचक ओळखायला हवा.

शेवटच्या दोन तासांत

पहिल्या दिवशीचे कागद परत वाटा. तोच विषय, तीच वीस मिनिटं, पुन्हा लिहायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येकाने स्वतःच तीन फरकांखाली रेघ मारायची. तुम्ही दोन्ही संच घेऊन पुन्हा ढीग करा. कोणता ढीग उतरला, कोणता तसाच राहिला ते एका कागदावर लिहून अभ्यासक्रमाच्या फाईलला लावा.

माझ्या गेल्या वर्षीच्या कागदावर लिहिलंय: 'ठोकळेबाज ढीग निम्मा. वाक्य अपुरं राहणाऱ्यांचा ढीग जवळपास तेवढाच, यांच्यासाठी पाच निष्पत्तींत काहीच नव्हतं. अहवाल काढून वाक्यरचना घ्यावी का?' यंदा अहवाल काढला आहे.